कौसल्याची मिसळ

एस.टी. स्टँडसमोरचं जुनं हॉटेल पाडून तिथं काचेचं नवं झालंय. पूर्वी आम्ही दोघं बाकावर टेकलो की वेटर आत ओरडायचा, "दोन मिसळ, एकीला रस्सा ज्यादा." तो ज्यादा रस्सा हिचा. नाव कुणी विचारत नव्हतं. आता आधी पैसे द्यायचे, नाव सांगायचं आणि हाक आली की ताट आपलं आपण उचलून आणायचं. म्हणे सुधारणा.

ही गेल्यावर पहिल्यांदाच तिथं गेलो. गल्ल्यावरच्या पोरीनं विचारलं, "आजोबा, नाव?" तोंडातून हिचंच निघालं. का, ते विचारू नका.

थोड्या वेळानं सगळ्या हॉटेलाला ऐकू जाईल अशी हाक आली, "कौसल्या, मिसळ तयार आहे. कौसल्या."

आमच्यात बायकोचं नाव घ्यायची रीत नव्हती. मी जन्मभर 'अगं ए' म्हणालो, गावानं थोरल्याची आई म्हटलं. माहेर सुटल्यावर तिला नावानं हाक मारणारं कुणी उरलंच नव्हतं.

ताट घ्यायला गेलो तर पोरगी हसली. "तुम्ही कौसल्या?"

"तिचा नवरा."

"मग पुढच्या खेपेला आजींनाच आणा की."

हो म्हणालो. तिला काय माहीत बिचारीला.

मिसळीत काही दम नाही. तरी दर बाजाराच्या दिवशी जातो, नाव तेच सांगतो. पहिल्या हाकेला उठत नाही. दुसरी मारू देतो.