मावसाजींचा वन्समोर

मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटात आजवर जे काही पहिल्यांदा बिघडून दुसऱ्यांदा नीट झालं असेल, त्या प्रत्येक गोष्टीमागे आमचे मावसाजी होते, असं मी म्हटलं तर मावशी लगेच विचारील, "आन् जे पहिल्यांदाच नीट होतं, ते बिघडवलं कोणं?" दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मावसाजी म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. तांदळाच्या गिरणीत काट्यावर धान तोलायचं त्यांचं काम. देह पोत्यासारखाच, डोक्याला पांढरा दुपट्टा, आणि त्या दुपट्ट्यात इतका कोंडा की त्यांनी मान हलवली की समोरच्याला शिंक यायची. इंग्रजीतला एकच शब्द त्यांना येत होता आणि तो त्यांनी आयुष्यभर पुरवून वापरला. वन्समोर!

नाटकात गाणं रंगलं की लोक वन्समोर देतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मावसाजींचा वन्समोर मात्र फसलेल्या गोष्टींसाठी राखून ठेवलेला असे. शेजारच्या लग्नात नवरीनं इतक्या घाईनं हार टाकला की तो नवरदेवाच्या कानात अडकून तुटला. तेवढ्यात मागून "वन्समोर!" आणि मावसाजी स्वतः धावत जाऊन दुसरा हार घेऊन आले. नवरी हसली, नवरदेव हसला, आणि तो हार बरोबर गळ्यात पडला. तहसीलचा चपराशी सायकल शिकताना नालीत गेला, तर त्याला बाहेर काढायच्या आधी मावसाजींनी वन्समोर दिला, आणि काढल्यावर सीट धरून आठवडाभर त्याच्यामागे पळाले. एकदा कोर्टात कोणाची तरी केस ऐकायला बसले असताना तरुण वकील बोलता बोलता अडखळला. मावसाजींना राहवलं नाही. जजसाहेबांनी त्यांना बाहेर काढलं. बाहेर येऊन ते गंभीरपणे म्हणाले, "पोरगा चांगला होता. त्याले एक डाव अजून पाहिजे होता." घरात वरण करपलं तरी तेच. तेव्हा मावशी पळी हातात घेऊन म्हणायची, "दाळ काय तुमच्या गिरणीतून येते? खा गुमान!" ते गुमान खायचे आणि हळूच म्हणायचे, "संध्याकाळी तं वन्समोर हायच."

मी एकदा भीत भीत विचारलं, की चांगलं झाल्यावर वन्समोर द्यायचा असतो ना? ते म्हणाले, "चांगलं झालेलं तं लोक मांगतेच, बाबू. बिघडलेल्याचं कोण हाय?"

याचं मूळ मला मावशीनं सांगितलं. आमच्याकडे गावोगाव दंडार होते, म्हणजे गाण्याबजावणीचं गावरान नाटक. तरुणपणी कटंगीकडच्या एका दंडारीत मावसाजींना द्वारपालाचं काम मिळालं होतं. वाक्य एकच होतं: "महाराज, दूत आला हाय!" ते त्यांनी महिनाभर बैलांना, विहिरीला आणि नव्या बायकोला म्हणून दाखवलं. आणि ऐन वेळी भाला धरून उभे राहिले ते तोंड उघडं ठेवूनच. शेवटी दूत कंटाळून आपणच आत आला. लोक हसून हसून लोळले. पुन्हा त्यांना कोणी दंडारीत घेतलं नाही. ही गोष्ट सांगताना मावशीपेक्षा मावसाजीच जास्त हसायचे. पण ते वाक्य त्यांनी माझ्यासमोर कधी म्हणून दाखवलं नाही.

मी त्यांच्याकडे राहून कॉलेजात जात होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. कॉलेज हिंदी, मी खेड्यातला मराठी, आणि स्वभावानं मुळातच मागे राहणारा. वर्गात नाव पुकारलं की "यस सर" सुद्धा घशात अडकायचं. एकदा सरांनी उभं करून प्रश्न विचारला. उत्तर मला येत होतं. पण तोंड उघडलं आणि काहीच बाहेर आलं नाही. मागच्या बाकावरून कोणी म्हणालं, "अरे, रेडियो की बैटरी खतम!" त्या शनिवारी मी माझी पेटी भरली आणि मावशीला सांगितलं, की सोमवारच्या बसनं मी कटंगीकडे आपल्या गावी जातो, शेती करीन. मावशी रडली. मावसाजी नुसते दुपट्टा झटकत बसले.

नेमकं त्याच वेळी गावात मिशनचे एक पाद्री सिनेमाचं मशीन घेऊन आले होते. सिनेमा होता जर्मनीतल्या एका धर्मसुधारकाच्या जीवनावर. संध्याकाळी गावात वीज इतकी मंद असायची की पडद्यावर नुसती सावली दिसली असती. म्हणून रविवारी दुपारी, गिरणी बंद असताना, तिच्या अंधाऱ्या गोदामात खेळ ठरला. अडचण एवढीच, की सिनेमा इंग्रजीत. मावसाजींनी छाती पुढे काढून पाद्रीसाहेबांना सांगून टाकलं, "फिकर मत करो साहब. हमारा बाबू कॉलेज में है. वो बतायेगा." मी नाही नाही म्हणत असताना पाद्रीसाहेबांनी मला बसवून सगळी कथा हिंदीत समजावून दिली.

गोदाम गच्च भरलं. हमाल, त्यांच्या बायकापोरं, आमच्या वस्तीतले लोक, सगळे पोत्यांवर चढून बसले. मशीनच्या उजेडात कोंडा सोन्यासारखा उडत होता. मी पडद्याशेजारी उभा. सिनेमातला तरुण वादळात सापडला, विजेला भिऊन संन्यासी झाला, इथवर मी कसंतरी पुटपुटलो. "आवाज! आवाज!" लोक ओरडले. पैसे घेऊन पापाच्या माफीच्या चिठ्ठ्या विकतात, हे मी सांगितलं तेव्हा मावसाजींनीच ते मोठ्यानं सगळ्यांना समजावलं, "म्हंजे सरगाची तिकिटं ब्लॅकनं!" पुढं तो संन्यासी सम्राटासमोर उभा राहिला. टेबलावर त्या चिठ्ठ्यांविरुद्ध लिहिलेली त्याची पुस्तकं मांडलेली. 'हे लिहिलेलं मागे घेतोस का?' असा त्याला सवाल. पडद्यावर त्याचा आवाज खोल गेला. त्यानं विचार करायला एक दिवस मागितला. आणि त्याच जागी माझाही आवाज गेला. मी तोंड उघडून उभा राहिलो, मग उजेडातून सरकून पोत्यांमागे जाऊन बसलो. सिनेमा माझ्यावाचून इंग्रजीत पुढे गेला आणि ते रीळ संपलं. दिवे लागले.

मावसाजी आले. "काहून बसला?"

"मावसाजी, मले नाही जमत. मी उद्या जातो."

"त्या संन्याश्याचाबी आवाज बसला होता ना पयल्या दिवशी?"

"हौ."

"मंग त्याले दुसरा दिवस कोणं देल्ला?"

"राजानं."

"राजानं देल्ला," ते म्हणाले, "मंग म्या काहून नाही द्यावा?"

आणि ते मशीनसमोर जाऊन उभे राहिले. "साहब, वन्समोर! मशीन पीछे घुमाव!" पाद्रीसाहेब म्हणाले, की भाई, ऐसा नहीं होता, दूसरा रील चढ़ गया है. मशीन सुरू झालं, तर पडद्यावर जर्मनीच्या जागी मावसाजींचा दुपट्टा दिसायला लागला. हमालांना मोठी गंमत वाटली. एकानं ओरडायला सुरुवात केली आणि बघता बघता सगळं गोदाम वन्समोर, वन्समोर करू लागलं. पाद्रीसाहेबांनी आधी कपाळाला हात लावला, मग ते हसले, आणि त्यांनी रीळ मागे गुंडाळलं.

संन्यासी पुन्हा सम्राटासमोर आला. पुन्हा अडखळला. पुन्हा त्यानं एक दिवस मागितला. मी उभा होतो. मावसाजी समोरच, जमिनीवर, तोंड उघडं ठेवून माझ्याकडे बघत. पडद्यावर दुसरा दिवस उजाडला आणि संन्यासी ताठ उभा राहिला. हिंदी शोधायची की पुस्तकातली मराठी, हा विचार करायला वेळच नव्हता. जी भाषा घरात बोलतो तीच आली: "राजेसाहेब, मी मांगं घेत नाही! जे मनाले खरं वाटलं, ते लिवलं. मनाच्या इरुद्ध जाणं मले जमत नाही. हा मी इथं उभा हावो. काय करायचं ते करा!"

गोदामाच्या पत्र्याला माझा आवाज आपटून परत आला, तेव्हा तो माझा आहे हे मला ओळखू आलं नाही. आमच्या वस्तीनं बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, तेव्हा आमच्या लोकांनाही मागे फिरा म्हणणारे पुष्कळ भेटले होते. एक म्हातारा हमाल पोत्यावर उभा राहून ओरडला, "शाब्बास रे वाघा!" मग टाळ्या, शिट्ट्या, आणि कोंड्याचा असा धुरळा की अख्खं गोदाम शिंकत होतं. लोकांनी वन्समोर मागितला. मावसाजींनी मात्र मागितला नाही. ते दुपट्ट्यानं डोळे पुसत होते. "कोंडा गेला," म्हणाले.

सोमवारी पेटी खाटेखाली गेली. वर्गात मी स्वतःहून हात वर केला. उत्तर चुकलं, पण शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.

यंदा एम.ए.साठी मी नागपूरला आलो. निघायच्या दिवशी मावसाजी स्टेशनवर पोचवायला आले होते. नॅरोगेजची छोटी गाडी हलली. ते खिडकीबरोबर चालत होते, काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण शब्द येईना. ओठ नुसते हलले. मी दारात गेलो आणि सगळ्या स्टेशनाला ऐकू जाईल असा ओरडलो, "मावसाजी, वन्समोर!"

ते थांबले. डोक्यावरचा दुपट्टा सारखा केला. हातातली छत्री भाल्यासारखी उभी धरली, आणि सगळा फलाट वळून बघेल अशा आवाजात म्हणाले, "महाराज, दूत आला हाय!"

फलाटावर कोणाला काही कळलं नाही. गाडीनं वेग घेतला होता. छत्री तशीच ताठ धरून ते उभे होते, आणि वळण येईपर्यंत मी दारातून, एकटाच, टाळ्या वाजवत होतो.