दहा बोटं घेऊन कड्याला

मे महिन्यात, तेही दुष्काळाच्या वर्षी, बीडच्या आष्टी तालुक्यात हौसेने जाणारी माणसं कमीच. मी गेले ती एका मशीनपायी. मी बास गिटार वाजवते आणि बनवतेही. जयंतीच्या कार्यक्रमांमुळे एप्रिलभर डोकं वर काढायला फुरसत नसते आणि उरलेलं वर्ष लाकडात जातं. आजवर हे लाकूड मी वखारीत कापून घ्यायचे. बासच्या अंगाला वरच्या बाजूला दोन शिंगं असतात, आणि वखारीतले दादा दर वेळी एक शिंग बैलाचं आणि एक बकरीचं कापून द्यायचे.

स्वतःचा बँडसॉ घ्यायला हवा हे कळत होतं. घेत नव्हते, कारण मला त्याची भीती वाटते. वरखाली दोन चाकं, त्यांच्यावरून पळणारा दातेरी पट्टा आणि त्याच्यापुढे माझा डावा हात, ज्याच्यावर माझं पोट चालतं. मी शिकले त्या वर्कशॉपमध्ये एकदा शेजारीच पट्टा तुटून उडाला होता. कुणाला लागलं नाही. पण त्यानंतर कित्येक दिवस मी भाजी चिरतानाही बोटं मोजायचे.

अशात बीडहून पप्पांचा फोन आला. पप्पा निवृत्त शिक्षक, त्यांना सगळ्या जिल्ह्याच्या खबरा. “कडा गावाच्या पलीकडं सुतारांची सहकारी संस्था हाय. उसाच्या गाड्या बनवायचे. ऊसच न्हाई तर गाड्या कुणाला पायजेत? मशीन इकायलेत. बघून तर जा.”

पुण्याहून नगर आणि नगरहून आष्टीची एसटी, मध्येच कड्याला उतरायचं, असा सोपा रस्ता आहे. सकाळची पहिली गाडी धरा, कारण दुपारी एसटीचा पत्रा तव्यासारखा तापतो. पाणी सोबत घ्या. नगर सोडल्यावर हिरवं म्हणून जे दिसतं ते बहुतेक बाभळीचंच. कड्याच्या स्टँडसमोर भजी चांगली मिळतात, चहा मात्र साखरेचा पाक. कारखान्याचं गाव म्हणून साखरेला कंजूषी नसावी. पप्पा बीडच्या गाडीने येऊन आधीच बसले होते. पुढे काळीपिवळी जीप. तिच्यात किती माणसं मावतात ते ड्रायव्हर ठरवतो, आपण नाही.

संस्थेची शेड गावाबाहेर, कडुनिंबाखाली. चेअरमन आबा धोतर-टोपीत, बोलायला अघळपघळ. बरोबर नामदेवकाका, तीसेक वर्षं मशीन चालवलेले सुतार. काकांनी नमस्कार केला तेव्हा दिसलं, उजव्या हाताला अंगठा नव्हता.

“लई जागृत मशीन हाय,” आबा कौतुकाने म्हणाले. “सांभाळून ऱ्हावं लागतं.”

बाससाठी बँडसॉ बघायला जाणाऱ्यांनो, आधी पट्टा आणि मागचा खांब यांच्यातलं अंतर बघा. बासचं रुंद अंग तिथून फिरलं पाहिजे. मग टेबलापासून वरची उंची बघा, जाड फळी उभी धरून चिरता यायला हवी. चाकं बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, असली तर उत्तम, वजनामुळे मशीन थरथरत नाही. इथे हे सगळं होतं, आणि मनातल्या मनात मी नकाराचं कारण शोधत होते. मोटर थ्री फेजची, म्हणजे माझ्याकडच्या साध्या लाईटवर न चालणारी, निघाली तेव्हा मला चक्क हायसं वाटलं. पप्पा म्हणाले, “मोटर बदलता येती की.” वडिलांना सोबत नेण्याचे तोटे असतात.

लाईट नव्हती, ती दुपारनंतर येणार होती. तरी मी मेन स्विच पाडला आणि वरचं झाकण उघडून चाक हाताने फिरवायला लागले. फिरवता फिरवता पट्ट्याला बासच्या तारेसारखं टिचकी मारत होते. ताण बरोबर असेल तर एकच खालचा सूर येतो. इथे अर्ध्या फेऱ्यात सूर यायचा, अर्ध्या फेऱ्यात तो वर चढायचा. पुन्हा फिरवलं, पुन्हा तसंच. म्हणजे चाकावर कुठेतरी उंचवटा होता, आणि पट्टा दर फेऱ्याला त्याच्यावरून उडी मारत होता.

चाकावर चढवलेल्या रबराच्या पट्टीवर बोट फिरवलं तेव्हा तो सापडला. शेंदूर. दर खंडेनवमीला तेलात कालवून जुन्या टिळ्यावरच नवा टिळा लावलेला, त्यात भुसा बसून दगड झालेला.

“दर साली एवढाच लावता?” मी विचारलं.

“न्हाई,” नामदेवकाका म्हणाले. “कुणाला लागलं की त्या साली जास्त.”

जितकी बोटं गेली तितका थर वाढला होता, आणि थर वाढला तसा पट्टा अधिक उसळत गेला होता.

पप्पांनी मला बाजूला घेतलं. “मशीन घे न्हाईतर नको घेऊ. पण त्या शेंदराला हात लावू नको. आबांनी माझं आडनाव दोनदा इचारलंय.” आडनाव दुसऱ्यांदा का विचारतात हे आमच्या घरात शिकवावं लागत नाही. आम्ही बौद्ध, गाव परकं, परतीची जीप संध्याकाळी. पप्पांचा आवाज हलका झाला होता, आणि मला मशीनपेक्षा त्या आवाजाची जास्त भीती वाटली.

तरीही मी आबांना सरळ सांगितलं. हा थर खरवडला तर पट्टा नीट चालेल, नाहीतर मी मशीन नेणार नाही. आबांनी टोपी काढून पुन्हा नीट घातली. “मशीन संस्थेचं हाय. सभासदांना इचारल्याबगर हात लावता येत न्हाई.”

सभासद जमले. कडुनिंबाखाली सभा बसते न बसते तोच टँकरचा हॉर्न वाजला, आणि अख्खी संस्था घागरी घेऊन पळाली. आम्ही दोघं आणि मशीन मागे उरलो. पप्पा म्हणाले, “चल, निघू.” मीही उठले होते, खोटं कशाला सांगू. पण जीपच नव्हती.

घागरी घरी ठेवून सगळे परतले. आबांनी विषय मांडला आणि म्हणाले, “मंजूर असंल त्यांनी हात वर करा.”

हात वर झाले. कुणाचं करंगळीचं पेर नव्हतं, कुणाची दोन बोटं अर्धीच होती, एकाचा पंजा वाकडा जुळलेला. त्या हातांकडे बघून मी माझी मूठ ओढणीत लपवली. ठराव माझ्या बाजूने झाला होता आणि मला पळून जावंसं वाटत होतं.

“पर आमचा कुणाचा हात धजत न्हाई,” आबा म्हणाले. “तुमाला त्याचं काय न्हाई. तुमीच काढा.”

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. संताप म्हणावा की हसू, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. नामदेवकाकांनी चार बोटांनी चाक धरून ठेवलं आणि मी पटाशीने खरवडू लागले. पापुद्र्यामागून पापुद्रा निघत होता. देवाला मानत नसले तरी पटाशी मी हळूच चालवत होते. काकांनी सगळा शेंदूर कागदावर गोळा केला. तो नदीत सोडायचा म्हटलं तर नदीत नुसती वाळू. पाऊस पडेपर्यंत म्हणून त्यांनी पुडी आढ्याला खोचली.

मग मी पट्टा चाकाच्या मधोमध आणला, ताण दिला, टिचकी मारत पूर्ण फेरा फिरवला. एकच सूर. पट्टा सरळ ठेवणारे गाईड त्याच्या जवळ आणले, टेबल काटकोनात घेतलं. लाईट आल्यावर काकांनीच बटण दाबलं. मी भिंतीला पाठ लावून उभी होते. काकांनी बाभळीचा ओंडका सरळ चिरला.

मशीन थांबवून ते म्हणाले, “दणका गेला की.” मग चाकाकडे बघत, “एवढंच व्हतं व्हय?”

मी घाईघाईने म्हणाले की पट्टाही जुना होता, बेअरिंगही सैल होतं, एकच कारण नसतं.

“बरं,” काका म्हणाले, आणि अंगठा नसलेला तो हात बंडीच्या खिशात घालून बाहेर गेले.

नकाराला कारण उरलं नव्हतं, सौदा ठरला. त्या रात्री बीडला पप्पांकडे मुक्काम केला, सकाळी रिक्षाने कपिलधार. धबधबा पाहायचा तर पावसाळ्यातच जा. आम्हाला कोरडा कडा दिसला आणि माकडं. पप्पा म्हणाले, “काल लई भ्यालो मी.” मी म्हटलं, मीही. एवढंच बोलणं झालं, पण इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच असं म्हणाले.

मशीन आठवड्याने टेम्पोतून पुण्याला आलं. मोटर बदलली, नवा पट्टा चढवला. शिंगांच्या वळणांसाठी अरुंद पट्टा लागतो, फळ्या चिरायला रुंद, हे विकत घेताना लक्षात ठेवा. पहिल्या बासला दोन्ही शिंगं सारखी आली. दुसरा बासही छान कापला. काल तिसरा कापत होते. मशीन मऊ चाललं होतं, मी जयंतीतलं एक गाणं गुणगुणत होते, आणि मध्येच ध्यानात आलं की मला बराच वेळ भीती वाटलेली नाही, आणि बोटांकडेही माझं लक्ष नव्हतं.

मी बटण बंद केलं. पट्टा थांबेपर्यंत दोन्ही हात पाठीमागे धरून उभी राहिले. तो बास अर्धा कापलेला तसाच टेबलावर आहे.