कोष्टकसरांचं डोकं

शाळेत त्यांना सगळे कोष्टकसर म्हणत. शिकवायचे गणित, पण नाव पडलं ते वेळापत्रकामुळे. चौतीस शिक्षक, बावीस वर्ग, प्रयोगशाळा एकच. सव्वीस वर्षं हा गुंता ते कागदाला पेन्सिल लावण्याआधी डोक्यातच सोडवत.

मणक्याचं ऑपरेशन झालं आणि झोप उडाली. कुशीवर वळवेना, उताणं पडून डोळा लागेना. दिवसभर डोक्यात कापूस कोंबल्यासारखं व्हायचं. वर्तमानपत्रातली एकच बातमी तीनदा वाचावी, तरी काही शिरत नसे.

डॉक्टर म्हणाले, "भूल आणि जागरण, दोन्हींचा परिणाम आहे. झोप परतली की डोकंही ताळ्यावर येईल. तोवर जोखमीचं काम नको."

पण नवं सत्र तोंडावर आलेलं. सरांनी हट्टानं वेळापत्रक केलं. पहिल्याच दिवशी एका वर्गावर दोन शिक्षक आणि शेजारच्या वर्गावर कुणीच नाही. पोरं खिदळली. मुख्याध्यापिकाबाईंनी ते काम संगणकाच्या सरांना दिलं.

चौथ्या महिन्यात झोप परतली. सलग सात तास. डोकं लख्ख झालं. फलकावर नुकतंच लागलेलं नवं वेळापत्रक सरांनी उभ्याउभ्या वाचलं आणि तडक बाईंकडे गेले. "गुरुवारी पाचव्या तासाला प्रयोगशाळेत दोन वर्ग येतायत."

"सर, तुम्ही बरे झालात हेच खूप. आता कशाला डोक्याला ताप?"

"बरा झालोय म्हणूनच सांगतोय."

"हो, हो." बाईंचा आवाज मऊ झाला. "वहिनींचा फोन आला होता. म्हणाल्या, अजून विसरतात, सांभाळून घ्या."

घरी आल्यावर त्यांनी बायकोला विचारलं, "फोन कधी केलास?"

"परवा. पुन्हा कुणी हसायला नको तुम्हाला."

झोप परतून पंधरा दिवस झाले होते. रोज सकाळी ते तिला सांगत होते, आज छान झोप लागली. ती 'बरं' म्हणून चहा पुढे करत होती. बोलण्यासारखं खूप होतं, पण त्यातला प्रत्येक शब्द आता आजारातच जमा झाला असता.

गुरुवारी पाचव्या तासाला प्रयोगशाळेच्या दारात दोन वर्ग भिडले. ढकलाढकलीत काचेची नळकांडी फुटली. संगणकाचे सर धावत आले. दाराशी कोष्टकसर उभे होते. त्यांच्या दंडाला धरून संगणकाचे सर एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "सर, तुम्ही, इकडे, बाजूला, उभे राहा हं."

सर बाजूला उभे राहिले.