पिवळ्या धातूची कवळी

सौ. दैवशाला भागवत ढवळे, वय बेचाळीस, शिक्षण बी.ए. (इतिहास), मूळ गाव वाटूर, हल्ली मुक्काम मस्तगड, जालना. पदनाम प्रशासकीय सहाय्यक (कंत्राटी), कारागृह आरोग्य सेवा. सदर कर्मचारी बंद्यांच्या आरोग्यविषयक नोंदी अद्ययावत ठेवणे, औषधसाठ्याची मागणी करणे, वैद्यकीय अधिकारी यांच्या भेटीचे नियोजन करणे व वरिष्ठ सोपवतील ती इतर कामे करणे यांस जबाबदार असून त्यांची वर्तणूक समाधानकारक आहे.

‘इतर कामे’ यात प्रिंटरला थापडा मारणं आणि साहेबांच्या मेहुण्याचा बीपी मोजणं येतं. पगार आरोग्य खातं देतं, खुर्ची कारागृह खातं देतं, आणि बोनसचा विषय निघाला की दोन्ही खाती एकमेकांकडे बोट दाखवतात. वाटूरला त्यांच्या सासूबाई, तुळजाबाई, विचारील त्याला अभिमानानं सांगतात, “सून जेलात असती.”

ऐकणारा आवाज खाली आणतो. “किती वर्सं?”

“सहा झाले की. आजून परमनंट न्हाई केलं.”

गौतमचंद सेठ आत आले ते ऐन उन्हाळ्यात. जुन्या जालन्यात कापडाचं दुकान, वय सत्तरीच्या पुढं. आरोप असा, की सामाईक भिंतीच्या वादात त्यांनी सख्ख्या भावाच्या डोक्यात कापड मोजायचा लोखंडी गज घातला. भाऊ बचावला, जामीन लांबला. गेटवर मच्छिंद्र हवालदारांनी नियमाप्रमाणे अंगावरचा ऐवज उतरवून घेतला. पिवळ्या धातूची अंगठी एक. मनगटी घड्याळ एक. तेवढ्यात सेठनं जांभई दिली आणि आत काहीतरी चमकलं. ‘पिवळ्या धातूची तार असलेली कवळी, एक.’ सरकारी कागदावर सोनं कधीच नसतं, पिवळा धातू असतो. पण कुलूप मात्र सोन्याला लावतात तेच लागतं. कवळी पाकिटात गेली, पाकिटावर लाख पडली, पाकीट मौल्यवान वस्तूंच्या कपाटात. परत मिळणार सुटकेच्या दिवशी.

सेठ जैन, सूर्य बुडाल्यावर जेवत नाहीत. ती अडचण आली नाही. कारागृहातलं रात्रीचं जेवण पाचलाच उरकतं. अडचण वेगळी होती. सेठना शुगर, म्हणून डॉक्टरांनी भात बंद केलेला. राहिली चपाती. ती चावायला दात कपाटात. वरणात भिजवून पाहिली, तर वरण आटलं, चपाती तशीच राहिली. गोळ्या मात्र वेळेवर पोटात जात होत्या. रिकाम्या.

डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे. दैवशालाबाईंनी विषय काढला.

“मी नवी कवळी लिहून देतो,” डॉक्टर म्हणाले.

“जुनी हाय ना साहेब. इथंच, दोन दारं सोडून.”

“जुनी मला लिहिता येत नाही, बाई.”

नवीला तीन दरपत्रकं आणि वरची मंजुरी लागते. दैवशालाबाई प्रिंटरसाठी सहा वर्षं काडतूस मागत होत्या, तेव्हा मंजुरीचा वेग त्यांना ठाऊक होता. त्या गेटवर गेल्या.

“मच्छिंद्रभाऊ, बराकीतल्या संघपालचा नकली पाय कुणी कपाटात ठेवला का?”

“त्याच्या पायात सोनं न्हाई, म्याडम.”

“मंग ह्याच्या दातात हाय हे कुणी ठरवलं?”

“सेठनीच सांगितलं की. छाती फुगवून.”

बाई सेठकडे गेल्या. “सेठजी, तार पितळेची हाय असं लिहून द्या. आत्ता आणून देते.”

सेठ दोन खऱ्या दातांवर ताठ उभे राहिले. “पितळ? जन्मात कुण्या गिऱ्हाईकाला टेरिकॉट दाखवून सुती म्हटलं नाही, बेटा. सोनं आहे ते. बिलकुल खरं. पितळ लिहिलं अन् जुन्या जालन्यात कळलं तर काय म्हणतील लोक?”

“जुन्या जालन्यात गजाचं कळलंच हाय, सेठजी.”

“ते वेगळं. ते घरातलं आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी औषधाच्या रांगेत सेठ खाली बसले. कपाळावर घाम, हात थरथरत, नजर भलतीकडे. शुगर पार उतरली होती. दैवशालाबाईंनी स्वतःच्या चहाच्या डब्यातली साखर त्यांच्या तोंडात घातली. हळूहळू रंग परतला. सेठ भानावर आले आणि साखर चहाच्या मानानं जाड आहे म्हणाले. बाई हसल्या नाहीत. म्हातारा खरंच गेला असता, आणि अहवाल त्यांनाच टाइप करावा लागला असता. त्या तशाच गेटवर गेल्या.

“कपाट उघडा.”

“तसं कसं उघडू? पडताळणीलाच उघडतं ते, अन् बंद्याच्या समोर.”

“मंग करा पडताळणी.”

“महिन्याला एकदा असती म्याडम.”

“जास्त केली तर फाशी देतात का?”

हवालदारांनी टोपी काढून डोकं खाजवलं. “अन् काय बघायचं तिच्यात?”

“वस्तू चालू हालतीत हाय का ते.”

“कवळी चालू हाय हे कसं कळणार?”

“चावून.”

बाईंनी रोज दोनदा पडताळणीचा कागद टाइप केला. कारागृहाच्या साहेबांनी तो वाचला, बाईंकडे बघितलं, कागद परत वाचला आणि सही केली. तेव्हापासून सकाळी आणि पाचच्या आत कपाट उघडू लागलं. लाख फुटायची, कवळी धुतली जायची, सेठपुढं ताट यायचं. समोर स्टुलावर मच्छिंद्र हवालदार, सरकारी ऐवज घशाखाली जाऊ नये म्हणून डोळ्यांत तेल घालून.

“सेठ, जरा जल्दी करा. मला लाख तापवायचीय.”

“लोणचं असतं तर जल्दी झाली असती.”

“पडताळणीला लोणचं मंजूर न्हाई.”

पावसाळ्यात तपासणी झाली. वरून आलेल्या अधिकाऱ्यांनी शेरा लिहिला: ‘बंद्यांच्या मौल्यवान वस्तूंची दिवसातून दोनदा, मालकासमक्ष पडताळणी करण्याची या कारागृहाची पद्धत अनुकरणीय असून ती अन्यत्र राबविण्याबाबत विचार व्हावा.’

सेठ दोन्ही वेळा जेवत होते.