साडूच्या किल्ल्यांना लावलेला बिल्ला

माझ्या पत्र्याच्या डब्यात जुन्या रहस्यकथा मासिकांबरोबर फुकट मिळणाऱ्या जवळजवळ सगळ्या वस्तू आहेत. लाल काचकागदाचा चष्मा, गुप्त लिपी वाचायची पुठ्ठ्याची चकती, बोटांचे ठसे घ्यायची भुकटी (तिचा आता दगड झालाय) आणि वेषांतरासाठी एक कागदी मिशी. बहुतेक माल चौकातल्या रद्दीवाल्याकडून, मोठेपणी जमवलेला. नाही तो फक्त गुप्तहेराचा बिल्ला.

लहानपणी इथे लखनौत आम्हा सहा मराठी घरांत मिळून एकच अंक टपालाने यायचा आणि घरोघर फिरायचा. आमचा नंबर शेवटचा. बिल्ल्यासाठी वर्षभराची बारा कुपनं पाठवावी लागत, आणि कूपन कापायचा मान पहिल्या घराचा. आमच्या हाती अंक यायचा तो शेवटच्या पानाला चौकोनी खिडकी पडलेला. खुनी नेमका त्या खिडकीतून पळून गेलेला असे. पहिल्या घरातला मुलगा बिल्ला लावून गणपतीच्या आरतीला उभा राहायचा आणि मी टाळ जरा जास्तच जोरात वाजवायचो.

मागच्या वर्षी माझे साडू, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, रेल्वेतली बदली होऊन नागपूरहून इथे, विकास नगरला आले. मी त्यांच्या नव्या घरी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी स्कूटरच्या किल्ल्या टेबलावर टाकल्या. जुडग्याला तोच बिल्ला! पितळी, मधोमध डोळा, खाली नंबर.

"हे कुठून आणलंत?" मी चहा सांडत विचारलं.

"लहानपणी आलं होतं बाप्पा कुठल्यातरी मासिकातून. जड आहे ना, किल्ल्या हरवत नाहीत."

किल्ल्या हरवत नाहीत! मी चाळीस वर्षं झुरतोय आणि या माणसाने त्याचं वजन कामाला लावलंय. जमवायची हौस नाही, मासिकाचं नाव आठवत नाही, आणि वस्तू मात्र यांच्या खिशात.

माझ्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असावं. "आवडला का राजेहो? घेऊन जा."

"छे छे, राहू द्या हो."

इथे माझं लखनौ नडलं. आमच्या गल्लीत साधं पान पुढे केलं तरी माणूस दोनदा नको म्हणतो, तिसऱ्यांदा घेतो. देणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. मी पहिला नकार देऊन दुसरा तयार ठेवला.

"बरं," साडू म्हणाले, आणि किल्ल्या खिशात टाकल्या.

दुसऱ्यांदा विचारणं नाहीच! मी तासभर बसलो. बिल्ल्यांचा विषय काढला, पितळेचा काढला, किल्ल्यांचाही काढला. ते रेल्वेच्या रुळांबद्दल बोलत राहिले.

अलीगंजला घरी परतल्यावर मी त्यांच्या स्वभावातले अकरा दोष बायकोला सांगितले. लेक मोबाइलवरून मान न उचलता म्हणाली, "पापा, माँग लेते ना सीधे."

"असं मागतात का कुणाकडे?"

पुढच्या रविवारी बायको एकटीच बहिणीकडे गेली आणि संध्याकाळी परतली. तिच्या पर्सच्या पट्ट्याला बिल्ला!

"भावजींना म्हटलं, मला द्या. त्यांनी काढून दिला."

"एवढंच?"

"मग आणखी काय असतं?"

मी डबा आणला, कापसाची गादी केलेला रिकामा कोपरा तिला दाखवला आणि आयुष्यात पहिल्यांदा सरळ मागितलं, "मला दे."

तिने कोपऱ्याकडे पाहिलं, मग पर्सकडे. "छान दिसतोय हो इथे. भिशीत सगळ्या विचारतील."

सगळ्यांनी विचारलंही. आता साडूंबद्दल माझं काही म्हणणं नाही, माणूस चांगला आहे. बायको बाजारात निघाली की मी न सांगता पिशवी घेऊन बरोबर जातो आणि तिच्या पर्सच्या बाजूने चालतो.