दहा म्हटलं की चमचा परत

मी विशेष शिक्षिका आहे. यातलं ‘विशेष’ मुलांसाठी आहे. माझ्यात विशेष काही नाही, उलट दरवर्षी जूनमध्ये माझ्या नेमणुकीचा कागद येतो की नाही याची मी वाट बघत बसते. ज्या मुलांना रोज शाळेत बसणं जमत नाही त्यांच्या घरी आठवड्यातून एकदा जायचं, तासभर शिकवायचं आणि रजिस्टरवर आईची सही घ्यायची, हे माझं काम. राहते मानपाड्याला आणि मुलं आहेत शहाड-आंबिवलीकडे. खांद्याच्या पिशवीत मणी, चित्रांची कार्डं आणि एक रबरी चेंडू असतो. गुडघे माझ्या आधीच निवृत्त झालेत.

लोकांना वाटतं, या मुलांमुळे मी थकत असेन. मुलांमुळे माणूस थकत नाही. मूल चावलं तर चावलं, विषय संपतो. थकवतात ती मोठी माणसं. ‘बोलेल हळूहळू, तिचा बाप पण उशिराच बोललेला,’ असं सांगणाऱ्या आज्या. दर वेळी नवीन झेरॉक्स मागणारे बाबू. आणि शेजारणी, ज्यांना सगळं ठाऊक असतं आणि ज्या पाच मिनिटं मूल सांभाळायला मात्र कधी मोकळ्या नसतात. एवढ्या वर्षांत मी भांडायची कमी झाले. शहाणपण आलं म्हणून नव्हे, दम पुरत नाही म्हणून.

आंबिवलीची ही मुलगी माझ्याकडे आली तेव्हा नऊ वर्षांची होती. स्वमग्न. म्हणजे आपण हाक मारावी आणि तिने पंख्याकडे बघावं. घर म्हणजे चाळीतली एक खोली, तिला लागून मोरी. मोरीचं दार आईने कायम उघडं ठेवलेलं, कारण मुलगी नजरेआड झाली की गॅसचं बटण तरी फिरवायची, नाहीतर सरळ रुळांच्या दिशेने चालायला लागायची. वडील कारखान्यात पाळीवर. घरी असले की झोपलेले, उठले की निघालेले. वाईट माणूस नव्हता, थकलेला होता. आईला मी ताई म्हणायचे. ती माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान असेल, पण दिसायला आम्ही बरोबरीच्या. स्वतःच्या आईच्या तेराव्याला ती गावी निघाली होती, आणि मुलीने स्टेशनवर जो आकांत मांडला त्यामुळे तिथूनच परत आली. हे तिने मला असंच, तांदूळ निवडता निवडता सांगितलं.

मुलीच्या डाव्या हातात चोवीस तास एक चमचा असायचा. स्टीलचा, साधा, पोहे खायचा. तो ती हनुवटीवर हळूहळू आपटत राहायची आणि तोंडाने स्टेशनं म्हणायची. कल्याण, शहाड, आंबिवली, टिटवाळा, खडवली, वासिंद, तशीच पुढे कसाऱ्यापर्यंत, आणि परत उलट. चमचा असला की जग जागेवर. चमचा पलंगाखाली गेला की ती मनगट चावायची आणि भिंतीवर डोकं आपटायची, मग चाळीतलं कोणीतरी येऊन म्हणायचं, ‘काय ओ, कापताय काय पोरीला?’ उजव्या मनगटावर तिच्या दातांचा एक गोल कायमचा उमटलेला होता.

मी तिला शिकवलेली पहिली गोष्ट अक्षर नव्हती, आकडाही नव्हता. मी तिला चमचा द्यायला शिकवलं. मी हात पुढे करून ‘दे’ म्हणायचं, तिने चमचा माझ्या तळहातावर ठेवायचा, दोघींनी मिळून दहापर्यंत मोजायचं, आणि दहा म्हटलं की चमचा परत. आधी फक्त एक. मग दोन. दहापर्यंत यायला सात महिने लागले. ऐकणाऱ्याला हा पोरखेळ वाटेल. पण चमचा गेला तरी परत येतो, एवढं एकदा तिच्या मनात बसलं की आई दुसऱ्या खोलीत गेली तरी परत येते हेही बसेल, असा माझा हिशोब होता. घरात दुसरी खोली नव्हती, ही गोष्ट वेगळी. आकांत खरोखर कमी झाले. पूर्वी रोजचे होते, ते आठवड्याला एक-दोनवर आले. मला माझंच कौतुक वाटायचं, कोणी केलं नसलं तरी.

त्या वर्षी डोंबिवलीतल्या एका विशेष शाळेत एक जागा रिकामी झाली. शाळेची बस आंबिवलीपर्यंत यायची. सकाळी दहाला नेणार, चारला आणून सोडणार. मोठ्या बाई म्हणाल्या, जागा ठेवते, पण दिव्यांगत्वाचा दाखला आणा, चाळीस टक्क्यांच्या वरचा. नाहीतर यादीतलं पुढचं मूल घ्यावं लागेल. मी हे ताईला सांगितलं.

ती म्हणाली, “सहा तास, बाई?”

“सहा तास.”

“मी पहिल्या दिवशी दार लावून आंघोळ करीन.”

मला हसू आलं, तिला नाही आलं. नऊ वर्षं ती मोरीचं दार उघडं ठेवून, एक डोळा खोलीवर ठेवून, दोन तांब्यांत आंघोळ उरकत होती.

दाखल्यासाठी सरकारी रुग्णालयात जायचं होतं, तिथे ठरलेल्या दिवशी तपासणी असते. आदल्या संध्याकाळी मी ताईला फोनवर सांगितलं, “नीट तयार करून आणा हं तिला.” पुढे जे झालं ते या एका वाक्यामुळे झालं. आपल्याकडे मूल चार माणसांपुढे न्यायचं म्हणजे कसं न्यायचं, हे कोणी शिकवावं लागत नाही. पाहुणे यायचे असले की आपण फाटकी उशी पलंगाच्या आत सारतो. ताईने मुलीला नवा फ्रॉक घातला, पावडर लावली, दोन घट्ट वेण्या घातल्या, वर गजरा माळला. दाखवायच्या कार्यक्रमाला मुलगी निघावी तशी ती निघाली. आणि मी काही कमी नव्हते. आठवडाभर मी तिच्याकडून घोकून घेतलं होतं, नाव काय, वय काय, हा रंग कुठला. एवढे महिने मेहनत केली तर चार लोकांना दिसू दे, असं मला वाटत होतं. खरं सांगायचं तर मला शाबासकी हवी होती.

ती मिळाली. मुलीने नाव सांगितलं, वय सांगितलं, लाल म्हणजे लाल सांगितलं. मी ‘दे’ म्हटल्यावर चमचा दिला, दहापर्यंत मोजलं, शांतपणे परत घेतला. वर डॉक्टरांना कसाऱ्यापर्यंतची सगळी स्टेशनं ऐकवली. ते चष्मा काढून म्हणाले, “हुशार आहे की मुलगी.” आणि कागदावर पंचवीस टक्के लिहिलं.

जिना उतरताना ताई खूश होती. “पंचवीसच म्हणाले ना बाई? म्हणजे फार नाहीये तिला.” मला वाटलं, खालच्या पायरीपर्यंत तरी हिला खूश राहू द्यावं. खाली आल्यावर सांगितलं. तिने गजरा नीट केला मुलीचा.

फेरतपासणीचा अर्ज मी केला. मोठ्या बाईंचे हातपाय जोडून जागा महिनाभर धरून ठेवायला लावली. ताईला बजावलं, या वेळी तयारी नको, रोज असते तशी आणा. “म्हणजे पारोशी आणू?” तिने विचारलं. मी म्हटलं, “हो, आणा.” तारखेच्या दिवशी बघते तर वेण्या घातलेल्या, फ्रॉक इस्त्रीचा. मी चिडले. भर रस्त्यात तिच्यावर ओरडले, याची मला आजही लाज वाटते. ती खाली बघत म्हणाली, “नाही जमलं, बाई. केस विंचरल्याशिवाय मी तिला दारात पण उभी करत नाही. आधीच लोक बोलतात.”

रुग्णालयात मुलगी आधी एकदा येऊन गेलेली, त्यामुळे जागा तिच्या ओळखीची झाली होती. बाकावर बसून ती चमचा हनुवटीवर आपटत खडवली, वासिंद करत होती. एवढी शांत मी तिला वर्षात पाहिली नव्हती. मला कळून चुकलं, आज पुन्हा पंचवीस. जागा जाणार, बस जाणार, आणि या बाईच्या मोरीचं दार उघडंच राहणार. आणि हे सगळं मी तिला इतकं छान शिकवलं म्हणून.

या वेळी एक तरुण डॉक्टरीण होती. तिच्या दारात सकाळपासून रांग लागलेली. तिला मी दोष देत नाही. दहा मिनिटांत तिने नऊ वर्षं कुठून बघायची? तिने नाव विचारलं, मुलीने सांगितलं. वय विचारलं, सांगितलं. डॉक्टरणीचं पेन कागदाकडे निघालं.

मी हात पुढे केला आणि म्हटलं, “दे.”

मुलीने चमचा दिला. लगेच दिला. आम्ही दोघींनी मोजलं. दहा म्हणून तिने तळवा उघडला. मी चमचा पर्समध्ये टाकला आणि चेन लावली.

तिने स्वतःच्या तळव्याकडे पाहिलं. तिला वाटलं असावं की मोजण्यात आपलंच काही चुकलं. तिने एकटीने पुन्हा मोजलं, जरा मोठ्याने. दहा. तळवा उघडा. मग तिसऱ्यांदा मोजलं, एकेक आकडा सावकाश, मी तिला शिकवायचे तसा. मी खिडकीकडे बघत होते. तिसऱ्या दहानंतर ती खुर्चीवरून खाली कोसळली आणि मनगट तोंडात घातलं.

ताईने तिला धरायला दोन्ही हात पुढे केले. मग माझ्याकडे पाहिलं, पर्सकडे पाहिलं, आणि हात परत मांडीवर ठेवले. ती दोन-तीन क्षण तशी बसली असेल. त्यानंतर ती उठली आणि मुलीच्या डोक्याखाली तिने आपला पाय घातला, फरशी लागू नये म्हणून.

“असं रोज होतं?” डॉक्टरणीने विचारलं.

“रोज,” ताई म्हणाली.

हे अगदीच खोटं नव्हतं. एक वर्षापूर्वी खरं होतं. चमचा पलंगाखाली गेला की आजही खरं होतं. अशी उत्तरं मी स्वतःला त्या दिवसापासून देत आले आहे. कागदावर पेन बराच वेळ चाललं.

बाहेरच्या पॅसेजमध्ये मी तिला चमचा परत दिला. तिने घेतला नाही, तळव्यावरून तो खाली पडू दिला. मी चार पावलं मागे सरकले तेव्हा वाकून उचलला. रिक्षात ती मधे बसली, आईच्या अंगाला चिकटून, आणि पूर्ण रस्ता एकही स्टेशन म्हणाली नाही. शहाडच्या पुलावर ताईने विचारलं, “झालं ना काम, बाई?”

“झालं,” मी म्हटलं.

“मग ठीक आहे.”

दाखला आला, चाळीसच्या खूप वरचा. शाळेत जागा मिळाली. बस सुरू झाली त्या आठवड्यात ताईने मला फोन करून बोलावलं, पेढे आणलेत म्हणाली. मुलगी शाळेत जाणार म्हणजे माझं त्या घरचं काम संपलं होतं. रजिस्टरवर शेवटची सही घ्यायची होती, म्हणून साडेचारला गेले. मोरीच्या दाराला नवी कडी बसवलेली दिसली. ताईचे केस धुतलेले, मोकळे सोडलेले. “आज पण दार लावून केली,” ती म्हणाली आणि हसली. ती हसते तेव्हा तिशीची दिसते हे मला पहिल्यांदा कळलं. मला मनापासून बरं वाटलं. जे केलं ते बरोबरच केलं, असंही वाटलं.

मुलगी बसमधून नुकतीच उतरून आलेली, भिंतीला टेकून बसली होती. आसनगाव, वासिंद, खडवली चाललं होतं. मला दारात बघितल्यावर ती थांबली. चमच्याचा हात तिने सावकाश फ्रॉकच्या मागे नेला आणि भिंतीला पाठ घट्ट लावली.

“अगं, आपल्या बाई आहेत,” ताई म्हणाली.

मी काही मागितलं नव्हतं. माझ्या एका हातात रजिस्टर होतं आणि दुसऱ्यात पेढा. मी दोन्ही खाली ठेवलं, तिच्यासमोर फरशीवर बसले आणि मनातल्या मनात दहापर्यंत मोजलं. मग पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदाही मोजून झालं, तरी तिने हात पुढे आणला नाही.