बुटकी सीट

छापखान्यातले काका ताडमाड उंच, काकू जेमतेम त्यांच्या कोपराला लागणाऱ्या, आणि घरात सायकल एकच. काकू सकाळच्या पाळीला इस्पितळाच्या धुलाईखान्यात जायच्या. दीडला त्या दारात उतरल्या, की तीच सायकल घेऊन काका दुपारच्या पाळीला निघायचे. दिवसातली गाठभेट काय ती तेवढीच, आणि तीही सीटवरून भांडण्यात जायची.

“उतरल्यावर सीट वर करून ठेवायला हात झिजतात का गं तुझे?” पाना फिरवत काका कुरकुरायचे.

“तुम्ही कधी खाली करून ठेवलीत?” काकू तिथल्या तिथे परतवायच्या.

तीस वर्षं हेच चाललं. मागच्या वर्षी एका दुपारी काकू सायकलवरून उतरल्या, जरा आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत.

काका अजून त्या बुटक्या सीटवर बसूनच कामाला जातात. गुडघे हँडलला आपटतात, गल्ली तोंड लपवून हसते. परवा सायकलवाल्याला राहवलं नाही. “काका, गुडघे कामातून जातील,” म्हणत त्याने सीटला पाना लावला.

काका खेकसले, “हात लावू नकोस! वर केलीस, तर सकाळी खाली कोण करणार?”